मंडई की मार्केट यार्ड?

पुण्यात नवं बिऱ्हाड थाटलेले लोक हमखास विचारतात, भाजी कुठून आणायची? मी दोन वर्षं दर रविवारी मार्केट यार्ड गाठलं. आता पुन्हा मंडईत जातो.

भावाचं आधी उरकतो. गुलटेकडीला, म्हणजे मार्केट यार्डाच्या घाऊक बाजारात, स्वस्त पडतं, त्यात वाद नाही. तिथे भाव दहा किलोचा बोलतात, पालेभाजीचा शेकडा जुड्यांवर. शनिवारी बंद, रविवारी आवक भरपूर. घरात कार्य असेल किंवा खानावळ चालवत असाल, तर पुढचं वाचूच नका.

आमचं घर तिघांचं. म्हणून शेजारची दोन घरं सोबत घेतली, आणि तिथेच माशी शिंकली. जिन्यात वर्तमानपत्र पसरून वाटे घालायचे. क्रेटच्या तळाचे मऊ टोमॅटो कुणाच्या पिशवीत जातात, यावर कुणी बोलायचं नाही, पण नजरा तिकडेच. एकदा पाच किलो गवार जून निघाली. आणणारा मी. 'असू द्या हो, चालायचंच,' असं दोन्ही घरांतून इतक्या गोडीत ऐकवलं गेलं की सगळी गवार मीच ठेवून घेतली. चार दिवस तीच भाजी, शिरा काढत.

मंडईत पावशेर गवार मागितली तरी कुणी नाक मुरडत नाही. उंच ओट्यावर बसलेल्या मावशी सुरणाची हवी तेवढीच फोड कापून देतात. मी शेंग मोडून बघतो, त्या बघू देतात. १८८६ सालची, अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत म्हणजे मूळचं रे मार्केट. तिच्यावरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. आज मंडईला नाव त्यांचंच आहे. त्याने भाजी स्वस्त होत नाही म्हणा. पण त्या उंच छताखाली मे महिन्यातही मेथी जरा उशिरा मान टाकते, असं आपलं मला वाटतं.

गाडी लावायला जागा मिळणं मात्र नशिबाचा भाग. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचं भुयारी मेट्रो स्थानक सुरू झालं, तेव्हापासून मी गाडी काढतच नाही.

कांदे-बटाटे अजूनही यार्डातूनच आणतो, दहा-दहा किलो. ते टिकतात, वाटून घ्यावे लागत नाहीत.