'पुराची गाडी' म्हणून ब्रेकच्या लाइटवर साडेचौदा हजारांची टोपी, बडोदेकरांनो सांभाळा

बडोद्यात कार चालवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, ब्रेकची लाइट लागली आणि गॅरेजवाल्याने बोनेट उघडायच्या आधीच पुराचं नाव काढलं तर तिथून गाडी काढा सरळ.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून काय केलं ते इथल्या कुणाला सांगायला नको. आमच्या गाडीला अर्ध्या चाकापर्यंत पाणी लागलं होतं, आत कार्पेटसुद्धा कोरडं राहिलं. पण तेव्हापासून कुठल्याही गॅरेजात जा, एसी थंड करत नाही तर पूर, हॉर्न वाजत नाही तर पूर, एकच उत्तर ठरलेलं.

तर झालं असं, अकोटा पुलावरून दांडिया बाजारकडे उतरून वळलं की लाल लाइट, ती गोलात उद्गारचिन्ह असलेली, लुकलुकायची आणि गाडी सरळ झाली की बंद. हँडब्रेक पूर्ण खाली होता, ते आधी बघितलं. मग सिग्नलला ब्रेक दाबल्यावर पण लागायला लागली तेव्हा बाजूला बसलेल्या मुलीने फोटो काढून तिच्या मामाला पाठवला. त्या फोटोत फक्त लाल लाइट आहे, एबीएसची (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम) पिवळी नाही, हे लक्षात ठेवा.

ओळखीतून एका गॅरेजचं नाव मिळालं, मेकॅनिक मराठी, इथलाच. "ताई, आपल्या माणसाला फसवून मी कुठं जाणार" हे वाक्य त्याने मी काही विचारायच्या आधीच टाकलं. मला ऑफिसात बसवलं, चहा दिला, थोड्या वेळाने हाक मारली तर टॅबलेटवाला स्कॅनर लावलेला, स्क्रीनवर सी ००३५ कोड आणि डॅशबोर्डवर लाल सोबत पिवळी एबीएसची लाइट पण लागलेली. म्हणाला एबीएस चालवणाऱ्या मॉड्यूलमध्ये पुराचं पाणी गेलंय, नवीन घ्याल तर ३८ हजार, माझ्याकडे रिकंडिशन आहे १४,५०० मध्ये, आणि ताई ब्रेकचा मामला आहे, घरी लेकरं आहेत ना. वर चावी बंद करून परत ऑन केली, सगळ्या लाइटी एकदम लागल्या, "बघा किती फॉल्ट". अहो चावी ऑन केली की चांगल्या गाडीच्या पण सगळ्या लाइटी काही सेकंद लागतात, गाडी स्वतःच चेक करते तेव्हा!

संध्याकाळी गाडी मिळाली, लाइटी गायब. पिशवीत एक जुना पार्ट दिला, "हे तुमचं मॉड्यूल". पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी कशाला भरता ताई", कागदावर 'एबीएस रिपेर' लिहिलं आणि पैसे त्याच्या पर्सनल नंबरवर यूपीआय.

काही महिन्यांनी परत तेच, वळलं की लाल लाइट, आणि आता ब्रेक मारला की पुढून कर्र आवाज. या वेळी मकरपुऱ्याकडच्या एका गुजराती काकांकडे गेले. त्यांनी स्कॅनर काढलाच नाही, बोनेट उघडून आधी ब्रेक ऑइलच्या डबीवर टॉर्च मारला, लेव्हल मिनिममच्या खाली. मग पुढची चाकं काढली, ब्रेकचे पॅड संपून लोखंडाला टेकायला आलेले. पॅड झिजतात तसा त्यांना दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो, तेवढं ऑइल तिकडे जातं, डबीतली लेव्हल उतरते. डबीत ऑइलवर तरंगणारा फ्लोट असतो, वळताना किंवा ब्रेक मारताना ऑइल हेलकावलं की फ्लोट खाली जाऊन लाइट लागते. बस, एवढाच आजार होता. पहिल्या मेकॅनिकने नुसतं ऑइल वरून ओतलं म्हणून लाइट गेली, आणि पॅड तसेच झिजत राहिले. पैसे गेले ते गेले, पण माझा खरा राग यावर आहे, कारण लाइट बंद म्हणजे सगळं ठीक असं समजून मी मुलांना घेऊन एक्स्प्रेसवेने अहमदाबादला जाऊन आले.

मॉड्यूलचं सांगितलं तर काकांनी मला जवळ बोलावून दाखवलं. मॉड्यूलला जे ब्रेकचे पातळ पाइप येतात त्यांच्या नटांवर धूळ आणि तेलाचा थर जशाचा तसा, कंपनीचा पिवळ्या रंगाचा ठिपका अख्खा, पाना लागल्याची एक खरचट नाही. "बेन, आने तो कोईए हाथ पण नथी लगाड्यो." मॉड्यूल बदलायचं तर ते सगळे पाइप सोडावे लागतात, नंतर पाइपांत शिरलेली एअर काढावी लागते. आणि पिशवीतल्या पार्टचा प्लग माझ्या गाडीच्या वायरिंगमध्ये बसतच नाही, दुसऱ्याच कुठल्या गाडीचा.

मग पिवळी लाइट कुठून आली? काकांनी डाव्या पुढच्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा प्लग उपटला, चावी ऑन, पिवळी लाइट लागून राहिली. परत लावला, गल्लीत थोडी गाडी फिरवली, गेली. सी ००३५ म्हणजे त्याच डाव्या पुढच्या सेन्सरच्या लाइनचा कोड, मॉड्यूलचा नाही. मी चहा पीत होते तेव्हा काय झालं असणार ते तुम्हीच समजा, घरून निघताना पिवळी लाइट नव्हतीच, फोटो आहे.

नुसती पिवळी लागली तर साधा ब्रेक चालतो, एबीएस मिळत नाही एवढंच, हळू चालवत गॅरेज गाठता येतं. पण लाल लागून राहिली आणि पेडल मऊ लागलं किंवा खाली जायला लागलं तर एक किलोमीटर पण चालवू नका, टो करा. आणि पॅड चांगले असून लेव्हल उतरत असेल तर कुठेतरी लीक आहे, ऑइल असंच उडून जात नाही.

काकांनी पॅड आणि ऑइल बदलून पक्कं बिल दिलं, ३,१०० रुपये, जुने पॅड हातात दिले. पहिल्याकडे परत गेले तर "पाण्याची गाडी, गॅरंटी कशी देणार" एवढंच म्हणाला, आता तर फोनच उचलत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, यूपीआयचा स्क्रीनशॉट, तो कागद आणि नटांचे फोटो लावून, बघू काय होतं.

पुरानंतर कुणी असं मॉड्यूल बदलून घेतलं असेल तर पिशवीतल्या पार्टचा प्लग एकदा स्वतःच्या गाडीच्या प्लगशी जुळवून बघा, आणि पाइपांच्या नटांवर टॉर्च मारा.