बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवून वर्ष होत आलं: समाधान कुठे आहे आणि तक्रार कुठे

बाबांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, गिळायला त्रास होऊ लागला आणि मागोमाग विस्मरणही वाढलं. घरी दोन पाळ्यांत माणसं ठेवून पाहिली, पण त्यांना उचलणं, कूस बदलणं, रात्र रात्र जागणं हे आई आणि मी मिळूनही निभेना. शेवटी डॉक्टरांनीच शुश्रूषा केंद्राचा सल्ला दिला. तिथे त्यांना आता वर्ष होत आलं. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारींपैकी काही सुटल्या आहेत आणि काहींचा पाठपुरावा चालू आहे. निकाल आधीच सांगते: बाबांना तिथून हलवणार नाही. पण हा निकाल द्यायला मला बरेच महिने लागले, आणि ज्या गोष्टींवरून दिला त्यातली एकही पहिल्या दिवशी दाखवलेल्या खोल्यांमध्ये दिसली नव्हती.

जागा बघायला गेलं की सगळीकडे तेच दाखवतात: फरशी, खिडक्या, बाग, टीव्हीचा हॉल, लिफ्ट. अव्हेडिस डोनाबेडियन या अभ्यासकाने १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन अंगांनी पाहायला शिकवलं. सोयी-साधनं काय आहेत, प्रत्यक्षात काय केलं जातं आणि त्याचा रुग्णावर परिणाम काय होतो. फेरफटका मारताना यातलं फक्त पहिलं दिसतं. दुसरं बघायला अवेळी जावं लागतं, आणि तिसरं रुग्णाच्या अंगावर वाचावं लागतं.

अंगावर म्हणजे अक्षरशः अंगावर. बाबा दाखल झाले त्या दिवशी सिस्टरनी पडदा ओढला, सगळे कपडे काढले आणि डोक्यापासून टाचेपर्यंत त्वचा तपासून कुठे काय आहे ते आकृतीवर टिपलं. मग ब्रेडन मापनाचा तक्ता भरला. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेलं हे मापन आहे. दुखलं-खुपलं जाणवतं का, त्वचा ओली राहते का, हालचाल किती, स्वतःहून कूस बदलता येते का, आहार कसा, अंग घासतं-सरकतं का, अशा सहा बाबींना गुण देतात. बेरीज ६ ते २३ मध्ये येते, आणि १८ किंवा त्याखाली आली तर बेडसोर, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणारी त्वचेची जखम, होण्याचा धोका धरतात. बाबा बरेच खाली होते. त्याच संध्याकाळी एअर मॅट्रेस आली आणि दर दोन तासांनी कूस बदलायचा तक्ता पलंगाला लागला. माझ्या मते दाखल होतानाची ही तपासणी हीच केंद्राची पहिली परीक्षा. ती झाली नाही तर उद्या जखम दिसल्यावर ती घरून आणली की इथे झाली, हा वाद कधीच मिटत नाही.

पण तक्ता असणं आणि कूस बदलली जाणं यांत अंतर असतं, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार तिथलीच आहे. एकदा दुपारी दोनच्या सुमारास गेले. पलंगाच्या तक्त्यावर दोनच्या रकान्यात खूण होती, चारच्या होती आणि सहाच्याही होती. एकाच पेनाने, एकाच झटक्यात ओढलेल्या. बाबा पाठीवरच होते, घसरून खाली आलेले. मी चादर काढून टाच पाहिली. डाव्या टाचेवर रुपयाएवढा डाग होता, बोटाने दाबला तरी रंग हलला नाही. दाबल्यावर फिका पडून पुन्हा लाल होणारा डाग सहसा दाब काढल्यावर जातो. दाबूनही तसाच राहणारा डाग ही बेडसोरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लालसरपणा दिसत नाही हेही लक्षात ठेवा. तिथे आजूबाजूच्या त्वचेपेक्षा वेगळी छटा, हाताला लागणारी उष्णता किंवा कडकपणा शोधायचा.

मी इन्चार्ज सिस्टरना बोलावलं, टाच आणि तक्ता दोन्ही दाखवले. त्यांनी सारवासारव केली नाही. टाचेचा फोटो काढून फाइलला लावला, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली, डॉक्टरांना कळवलं आणि त्या पाळीच्या माणसाला माझ्यासमोर न बोलता आत नेऊन विचारलं. पुढच्या आठवड्यापासून तक्त्यावर नुसत्या खुणेऐवजी डावी कूस, उजवी कूस की पाठ, आणि करणाऱ्याची सही, असं लिहायला सुरुवात झाली. डाग भरून आला. आगाऊ खुणा करणं मला आजही अक्षम्य वाटतं. पण चूक सापडल्यावर ती दुरुस्त करून पद्धत बदलणारं केंद्र आणि नातेवाइकाचीच समजूत काढणारं केंद्र, यांत मी डोळे मिटून पहिलं निवडेन.

हा कागदाचा प्रश्न जगभर आहे. अमेरिकेत सरकार २००८ पासून शुश्रूषा केंद्रांना एक ते पाच तारे देतं. तपासणी, कर्मचारी आणि रुग्णांच्या प्रकृतीचे निर्देशांक असे त्याचे तीन भाग. त्यातली कर्मचाऱ्यांची संख्या सुरुवातीला केंद्रं स्वतःच कळवत असत. पुढे पगारपत्रकावरून आकडे घ्यायला सुरुवात झाली आणि २०१८ पासून ताऱ्यांसाठी तेच वापरात आले. म्हणून ‘तुमच्याकडे किती माणसं आहेत’ असं विचारून थांबू नका. रात्री किती असतात, रविवारी किती असतात, आणि आज ड्युटीवर असलेल्यांपैकी गेल्या वर्षी किती जण इथेच होते, हे विचारा. या शेवटच्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वजन देते.

कारण बाबांची तब्येत कधी सुधारली आणि कधी ढासळली हे मागे वळून पाहिलं, तर त्याचा धागा एका माणसापाशी जातो. पहिले काही महिने बाबांना केंद्रातले एकच मामा, म्हणजे मदतनीस, सांभाळत. बाबांना उजव्या कानाला ऐकू येत नाही, दाढी करताना गळ्यापाशी आधी हात ठेवून सांगावं लागतं, लघवी लागली की ते बोलत नाहीत, पांघरुणाची कड मुठीत धरून ओढतात. हे कुठल्याही फाइलमध्ये नव्हतं, मामांना ठाऊक होतं. मुठीत कड दिसली की ते भांडं आणत. मामा नोकरी सोडून गेले आणि काही आठवडे एजन्सीची माणसं येत राहिली, रोज वेगळी. वागायला वाईट कोणीच नव्हतं. पण कड ओढण्याचा अर्थ कोणाला कळला नाही, डायपर भिजत राहिले, आणि अंगाला हात लावला की बाबा हात झटकू लागले. फाइलमध्ये नोंद झाली: ‘पेशंट सहकार्य करत नाही.’

त्या नोंदीतूनच गोळीचं प्रकरण उद्भवलं. एका संध्याकाळी फोनवर सहज सांगितल्यासारखं सांगितलं, ‘ताई, रात्री फार अस्वस्थ होतात, म्हणून परवापासून एक गोळी सुरू केलीय.’ नाव विचारलं तर ती मनोविकारावर देतात त्या गटातली निघाली. विस्मरण असलेल्या वृद्धांना या गटातली औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ पासून त्यांच्या माहितीपत्रकावर छापायला लावला आहे. काही वेळा ती द्यावी लागतात, हे मला मान्य आहे. पण कोणी लिहून दिली, कशासाठी, किती दिवसांसाठी, आणि दुसरं कारण तपासलं का, या चार प्रश्नांची उत्तरं घरच्यांना गोळी सुरू होण्याआधी मिळायला हवीत. मी डॉक्टरांना गाठून हेच विचारलं. त्यांनी येऊन पोट तपासलं. बाबांना कित्येक दिवस शौचाला साफ झालं नव्हतं आणि ते त्यांना सांगता येत नव्हतं. त्यावर उपाय झाला, अस्वस्थपणा उतरला, गोळी बंद झाली. आता फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहिलेलं आहे की तातडीचा प्रसंग सोडून कुठलंही नवं औषध घरी कळवल्याशिवाय सुरू करायचं नाही. तुमच्याही माणसाच्या फाइलवर हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. माणूस अचानक गुंगीत दिसू लागला, जेवताना मान टाकू लागला, तर आधी औषधांची यादी मागा.

मामांच्या जागी आता एक तरुण ब्रदर कायम आहेत. पहिल्याच दिवशी त्यांच्याजवळ बसून बाबांच्या सवयी एका पानावर लिहून काढल्या आणि ते पान पलंगाशेजारी लावलं. कड ओढण्याची खूण सर्वांत वर.

खाण्याच्या बाबतीत मात्र हे केंद्र खरोखर चांगलं आहे, आणि हे काम दिसतं त्यापेक्षा फार कठीण आहे. बाबांना पूर्ण बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान चमच्याने भरवावं लागतं. पहिला घास उतरल्याचं गळ्याकडे बघून खात्री करायची, मगच दुसरा. घाई झाली की घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. भरवणारा माणूस उभा आहे की समोर स्टूल घेऊन बसला आहे, एवढं एक पाहिलं तरी पुष्कळ कळतं. उभ्या माणसाला दुसरीकडे जायचं असतं. इथे बसून भरवतात. जेवणानंतर साधारण अर्धा तास आडवं करत नाहीत, आणि बसवलेला माणूस हळूहळू खाली घसरून माकडहाडाची कातडी ओढली जाते म्हणून पलंगाचा गुडघ्याकडचा भागही थोडा उचलतात. गिळणं आणि त्वचा या दोन्हींचा विचार एकाच वेळी करणारी माणसं मला दुसऱ्या कुठल्याच केंद्रात दिसली नव्हती. रात्री झोपण्याआधी तोंडही स्वच्छ करतात. अंथरुणाला खिळलेल्यांच्या तोंडात साठलेले जंतू छातीत उतरतात, त्यामुळे दात-हिरड्या-जीभ पुसणं हे चैनीचं काम नव्हे.

दर महिन्याला वजन होतं आणि आकडा मला आपणहून कळवतात. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं तर ते गंभीर धरतात. साठ किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो गेले तर कारण शोधलंच पाहिजे. बाबांचं वजन ओळीने उतरू लागलं तेव्हा ती मर्यादा गाठायच्या आधीच फोन आला. आहारतज्ज्ञ बोलावण्याआधी सिस्टरनी कवळी काढून पाहिली. बारीक झालेल्या हिरड्यांवर ती सैल होऊन आत घासत होती आणि गालाच्या आत व्रण झाला होता. कवळी दुरुस्त झाली, वजन थांबलं.

फिजिओथेरपीबद्दल मी नाराज आहे. बिलात सत्र पूर्ण लागतं, प्रत्यक्षात पाय चार वेळा वर-खाली करून मंडळी निघतात. डावा हात चांगला असताना त्याचाही उपयोग करून घेतला जात नाही. कपडे हरवतात, अदलाबदल होतात, नावं शिवून दिली तरी. वासाबद्दल सगळे विचारतात, म्हणून सांगते: डायपर बदलताना वास येणारच, तासाभराने गेलात आणि तोच वास तिथेच असेल तर काळजी करा. सुगंधी फवाऱ्याचा दरवळ हेही मला चांगलं लक्षण वाटत नाही.

केंद्रावर माझा विश्वास बसला तो बाबा पडले त्या रात्री. ऐकायला विचित्र वाटेल. फोन लगेच आला. कितीच्या राउंडला शेवटचं पाहिलं, कुठे आणि कसे पडलेले सापडले, डोक्याला लागलं का, शुद्ध, नाडी, रक्तदाब काय, डॉक्टर कधी येतायत, पुढचे तास दर किती वेळाने तपासणार, हे न विचारता सांगितलं. ‘आम्ही तिथे नव्हतो, एकच माणूस दुसऱ्या खोलीत होता,’ हेही सांगितलं. पडणं शंभर टक्के टाळता येत नाही. ते टाळायचं म्हणून कमरेला पट्टा बांधून ठेवणाऱ्या जागा आहेत, आणि पट्ट्याने माणसाची उरलीसुरली ताकद जाते, सुटायच्या धडपडीत इजाही होते. इथे पलंग जमिनीलगत आणला, बाजूला गादी घातली, आणि पहाटे लघवीसाठी उठवायची वेळ अलीकडे घेतली, कारण बाबा त्याच वेळी उठू बघत होते.

इंग्लंडमधली केअर क्वालिटी कमिशन ही नियामक संस्था तपासणीला जाते तेव्हा पाच गोष्टी विचारते: सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, माणसं आपुलकीने वागतात का, गरजेनुसार सेवा बदलते का, आणि व्यवस्थापन चांगलं आहे का. या केंद्राला आपुलकीत मी पूर्ण गुण देईन, व्यवस्थापनात चांगले. सुरक्षिततेत मात्र कमी, आणि त्याचं कारण रात्रपाळी. दिवसा पुरेशी माणसं असतात, रात्री त्या मजल्याला एकच. एका माणसाने दर दोन तासांनी इतक्या जणांची कूस एकट्याने बदलणं शक्यच नाही, आणि मग तक्त्यावर आगाऊ खुणा होतात. त्या दुपारच्या माणसाला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही, असं मी व्यवस्थापनाला लिहून दिलं आहे. करार पुढे वाढवताना रात्री दुसरा माणूस नेमण्याचं त्यांनी लेखी कबूल केलं. त्याला अजून मुदत आहे. ती संपली की मी दुपारी जाणार नाही, पहाटे तीनला जाईन.