माल कंपनीचा, चेक आपला: खत-औषधांच्या सेल्समध्ये उतरणाऱ्या पोरांसाठी

खरीप तोंडावर आला की मराठवाड्यात बीएस्सी ॲग्री आणि कृषी पदविका झालेल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरावीक जाहिराती फिरायला लागतात. सेल्स ऑफिसर पाहिजेत, परभणी-जालना-बीड-हिंगोली, फिक्स पगार, टीए-डीए, इन्सेन्टिव्ह, स्वतःची दुचाकी आवश्यक, थेट मुलाखत. यातल्या बऱ्याच कंपन्या चांगल्या असतात. काही मात्र एका हंगामापुरत्या येतात, आपल्या ओळखीवर माल दुकानात उतरवतात आणि बुडालेली रक्कम आपल्याच नावावर टाकून निघून जातात. 2025 च्या खरिपात माझ्या बाबतीत हेच घडलं. प्रकरण कोर्टात आहे, त्यामुळं कंपनीचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी लिहितो, कारण हीच पद्धत वापरून नवीन नावानं कोणीतरी पुढच्या हंगामात परत येणार आहे.

मुलाखत छत्रपती संभाजीनगरला एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाली. रिजनल मॅनेजर गोड बोलणारा माणूस. सोयाबीनवर काय येतं, कापसाला पातेगळ का होते, यातलं त्यानं जवळपास काहीच विचारलं नाही. विचारलं ते माणसांबद्दल. सेलूत कोणती दुकानं ओळखीची? मानवतला मोंढ्यात कोण ओळखतं? घरात, सोयऱ्यांत कोणाचं कृषी सेवा केंद्र आहे का? माझ्या मामाचं दुकान आहे म्हटल्यावर त्यानं लगेच डायरीत लिहून घेतलं. चांगली कंपनीही ओळख विचारते, पण आधी कामाचं विचारते. जिथं मुलाखतभर फक्त ओळखीच मोजल्या जातात, तिथं तुमचं शिक्षण कोणाला नको असतं.

रुजू होताना तीन गोष्टी घेतल्या गेल्या. सही केलेले दोन कोरे चेक, पदवीचं मूळ प्रमाणपत्र आणि 500 रुपयांच्या स्टॅम्पवर करारनामा. आमच्या बॅचमधल्या सगळ्यांकडून घेतल्या. "ही फॉर्मॅलिटी आहे, सॅम्पल किट आणि टॅबसाठी सिक्युरिटी," असं सांगितलं. करारनामा सहा-सात पानांचा होता आणि त्याच्या चौथ्या पानावर हे वाक्य होतं: "माझ्या कार्यक्षेत्रातील विक्रेत्यांकडील संपूर्ण थकबाकी वसूल करून कंपनीस जमा करण्याची वैयक्तिक जबाबदारी माझी राहील व त्यापोटी मी दिलेले धनादेश वटविण्याचा कंपनीस अधिकार राहील." हे वाक्य नीट वाचा. रिकव्हरी करणं हे सेल्सवाल्याचं काम आहेच, त्यात काही चूक नाही. पण काम म्हणून वसुली करणं वेगळं आणि दुसऱ्याच्या उधारीला जामीन राहणं वेगळं. या वाक्यानं आम्हा सगळ्यांना जामीनदार करून टाकलं होतं.

पुढं हेही कळलं की आम्ही कागदावर नोकरच नव्हतो. पत्रावर पद सेल्स ऑफिसरचं, पण करारात शब्द 'व्यवसाय सहयोगी'. पीएफ नाही. नंतर 26 एएस, म्हणजे आपल्या नावावर किती टीडीएस कापला ते दाखवणारं आयकराचं पत्रक, काढलं तेव्हा दिसलं की महिन्याला येणारी रक्कम पगार म्हणून दाखवलेलीच नाही, व्यावसायिक शुल्क म्हणून त्यावर टीडीएस कापलाय. हे पत्रक आयकराच्या पोर्टलवर फुकट बघता येतं. पहिल्या तिमाहीनंतर प्रत्येकानं बघावं.

आता मालाचं सांगतो, कारण खरी मेख तिथं होती. माल बायोस्टिम्युलंटचा, म्हणजे पिकाची वाढ सुधारायला वापरतात त्या उत्पादनांचा. ह्युमिक, सीवीड, अमिनो असली उत्पादनं. 2021 मध्ये केंद्र सरकारनं बायोस्टिम्युलंट 1985 च्या खत नियंत्रण आदेशाखाली आणले. तोवर विकत असलेल्या कंपन्यांना तात्पुरत्या परवानगीवर विक्री चालू ठेवू दिली आणि ती मुदत वाढत वाढत गेली. शेवटी 16 जून 2025 ला संपली. त्यानंतर फक्त सरकारनं अधिसूचित केलेली उत्पादनंच विकता येणार होती. आमच्या यादीतली बहुतेक उत्पादनं तात्पुरत्या परवानगीवरच होती. वरच्या लोकांना ही तारीख माहीत नव्हती असं होऊच शकत नाही. म्हणूनच मे महिन्यात त्यांना इतकी घाई होती.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच सुरू झाला होता. दुकानदार बियाण्याच्या आणि डीएपीच्या गडबडीत होते. महिनाअखेरीला मॅनेजरचा फोन आला, "टेम्पो निघालाय, पाथरी, मानवत, सेलू, तिन्हीकडं उतरवून घे. ऑर्डर मागाहून लिही. विकला नाही तर सप्टेंबरात सेल्स रिटर्न घेऊ, माझा शब्द." दुकानदारांना स्कीम काय, तर ठरावीक बॉक्स घेतले की गोव्याची टूर. उगम प्रमाणपत्र, म्हणजे माल कोणाकडून आला ते दाखवणारा कागद, ज्याला आपल्याकडं सगळे ओ फॉर्म म्हणतात, ते दुकानदाराच्या परवान्यात चढवावं लागतं. त्याबद्दल विचारलं की उत्तर एकच, आठ दिवसांत पाठवतो. ते कधीच आलं नाही.

या धंद्यात नवीन येणाऱ्याला एक गोष्ट कोणी सांगत नाही. प्लेसमेंट म्हणजे विक्री नव्हे. माल दुकानात उतरला की कंपनीच्या कागदावर विक्री झाली, तुमचं टार्गेट झालं, मॅनेजरचं इन्सेन्टिव्ह झालं. शेतकऱ्याच्या हातात बाटली गेलीच नाही तरी त्या कागदाला फरक पडत नाही. फरक दिवाळीत पडतो, पैसे मागायला जाता तेव्हा. ज्या कंपनीत प्लेसमेंटचे आकडे रोज विचारतात आणि किती माल खपला हे कोणी विचारत नाही, तिथं काहीतरी शिजतंय असं समजा.

जूनच्या मध्यानंतर दुकानदारांनी तो माल मागं सारला. कृषी खात्याचे गुणनियंत्रणवाले तपासणीला आले आणि असा माल काउंटरवर सापडला तर परवान्यावर येतं, एवढी जोखीम त्या बाटल्यांसाठी कोण घेईल? मानवतच्या एका दुकानदार काकांनी मला गोदामात नेलं. बॉक्स आले तसेच, चिकटपट्टीही न काढलेली. एक फोडून बाटली हातात दिली. लेबलवर तात्पुरत्या परवानगीचा नंबर होता आणि बॅच नंबरावर दुसरं स्टिकर चिकटवलेलं. नखानं सोलल्यावर खाली मागच्या वर्षीची तारीख निघाली. काका शांतपणे म्हणाले, "आवो साहेब, मी पैसे बुडवायलो का? माल घेऊन जा की. तुमची कंपनी फोनच उचलंना झाली. तुमच्याकडं बघून उतरून घेतला होता मी." मला त्या माणसाचा आजही राग येत नाही. त्यानं कंपनीला कधी पाहिलेलंच नव्हतं, त्याच्यासाठी कंपनी म्हणजे मी होतो.

काहींनी स्वतःच्या खर्चानं ट्रान्सपोर्टनं माल डेपोला परत पाठवला. डेपोनं गाडी उतरवून घेतली नाही. ती बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, मी मागून घेऊन जपून ठेवली. पुढं सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला.

सप्टेंबरात काय झालं ते आपल्याकडं कोणाला सांगायला नको. अतिवृष्टी, पूर, सोयाबीन पाण्यात, कापसाची बोंडं सडलेली. शेतकऱ्याकडं पैसा नाही म्हणून दुकानदाराची उधारी अडकली आणि दुकानदाराची अडकली म्हणून चांगल्या कंपन्यांचीही वसुली लांबली. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आणि मोंढ्यात सौदे त्याच्या कितीतरी खाली. अशा वेळी आमच्या कंपनीनं ऑक्टोबरपासून पगार बंद केला. "आधी रिकव्हरी द्या, मग पगार." मी राजीनामा दिला तेव्हा त्यांनी माझ्या टेरिटरीचं लेजर काढलं. त्यात परत पाठवलेल्या मालाची एकही क्रेडिट नोट, म्हणजे बाकीतून रक्कम वजा केल्याची नोंद, नव्हती, आणि बाकी 6,40,000 रुपये. जानेवारीत तेवढीच रक्कम माझ्या कोऱ्या चेकवर लिहून चेक बँकेत टाकला. तो परत गेला आणि वकिलाची नोटीस घरी आली. वडिलांनी ती उघडली. आमच्या घरात तोवर कोणी कोर्टाची पायरी चढलेली नव्हती.

चेकचा कायदा प्रत्येक सेल्सवाल्याला माहीत असलाच पाहिजे. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम 138. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत समोरच्यानं नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर आपल्याला 15 दिवस, आणि ते उलटल्यावर एक महिन्यात तो तक्रार दाखल करू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या पोरांमध्ये एक मोठा गैरसमज आहे की कोरा चेक दिला होता, अक्षर आपलं नाही, म्हणजे केस टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्ट सांगितलंय की स्वखुशीनं सही करून दिलेल्या कोऱ्या चेकलाही कायद्याचं गृहीतक लागू होतं. म्हणजे हा चेक देणं फेडण्यासाठी दिला, असंच कोर्ट सुरुवातीला धरून चालतं आणि तसं नाही हे आपल्याला दाखवावं लागतं. बँकेत जाऊन स्टॉप पेमेंट केलं, खातंच बंद केलं, तरी त्यानं सुटका होत नाही. खटला चालू असताना कोर्ट चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई भरायला सांगू शकतं. एक सही काय काय करू शकते ते यावरून बघा.

माझ्या बाजूनं आज जे काही आहे ते सगळं दुकानांतून आलंय. बिलं दुकानदारांच्या फर्मच्या नावावर आहेत, माझ्या नावावर नाहीत. प्रत्येक दुकानातून सही-शिक्क्यानिशी शिल्लक मालाचं पत्रक घेतलं, त्यावर बॅच नंबर लिहिले, बॉक्सचे फोटो काढले. बिल्टी आहे. मॅनेजरचा 'रिटर्न घेऊ' असा व्हॉट्सॲप मेसेज आहे. असे मेसेज कोर्टात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून जुना मोबाईल विकू नका, चॅट पुसू नका. मॅनेजर महत्त्वाचं सगळं फोनवरच बोलत असेल, तर बोलणं झाल्यावर लगेच मेसेज टाकायचा: सर, आपण आता सांगितल्याप्रमाणे अमुक दुकानात इतके बॉक्स उतरवतोय, न खपल्यास कंपनी परत घेईल. उत्तर आलं नाही तरी तुमची नोंद राहते.

माझ्याबरोबरच्या बीडच्या एका मुलाचं माझ्यापेक्षा वाईट झालं. तो दुकानदारांकडून रोख घेऊन मॅनेजर दौऱ्यावर आला की त्याच्या हातात द्यायचा. कंपनीनं ते पैसे आलेच नाहीत म्हणून सांगितलं आणि अपहाराच्या तक्रारीची धमकी दिली. नोकरानं केलेल्या अपहाराला न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रोख घेऊच नका. दुकानदाराला सांगा, आरटीजीएस किंवा चेक थेट कंपनीच्या खात्यावर. नाइलाजानं घ्यावीच लागली तर कंपनीच्या छापील पावतीवर घ्या आणि स्वतः कंपनीच्या बँक खात्यात भरून स्लिप ठेवा.

हे वाचून कोणी सेल्स सोडावं असं मला मुळीच वाटत नाही. मी स्वतः आज याच धंद्यात, दुसऱ्या कंपनीत आहे. शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून पीक ओळखणाऱ्या माणसाला आपल्या भागात मान आहे, जालन्यासारखं बियाण्याचं मोठं केंद्र जवळ आहे, आणि चांगल्या कामाला वरची वाट मिळते. पण जॉइन होण्याआधी दोन दिवस दुकानं फिरा. एचआर सांगणार नाही ते दुकानदार चहा पाजून सांगतो: या कंपनीचं सेल्स रिटर्न येतं का, क्रेडिट नोट किती महिन्यांनी मिळते, आधीचा पोरगा का गेला. त्या आधीच्या पोराचा नंबर मिळवून त्याच्याशी बोला, माझ्या मते याहून मोठी चौकशी नाही. कंपनीचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून रिटर्न भरलेत का बघा, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर ती कधी स्थापन झाली ते बघा. पीएफ कापतो म्हणत असतील तर यूएएन, म्हणजे आपला पीएफचा नंबर, मागा. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे, त्यामुळं 'पत्र नंतर देऊ' हे ऐकून घेऊ नका. कोरा चेक आणि मूळ प्रमाणपत्र मागितलं की उठून या. टॅबची सिक्युरिटी हवी असेल तर पगारातून कापून घ्या म्हणावं.

आणि ज्यांच्या हातात नोटीस पडलीय त्यांनी ती कपाटात ठेवू नये. ते 15 दिवस फार मोलाचे असतात, वकिलामार्फत लेखी उत्तर गेलंच पाहिजे. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, निकषात बसणाऱ्यांना तिथं मोफत वकील मिळतो. कंपनीनं मूळ प्रमाणपत्र अडकवलं असेल तर ईमेलनं लेखी मागणी करा आणि तोवर विद्यापीठाकडं दुय्यम प्रतीसाठी अर्ज टाका. सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या बॅचमधल्या पोरांना शोधा. लाजेनं प्रत्येकजण गप्प बसतो, घरच्यांनाही सांगत नाही, आणि प्रत्येकावर वेगळी केस चालते. आम्ही चौघं एकमेकांना सापडलो तेव्हा करारनामे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. चौथं पान शब्दन् शब्द सारखं होतं. आता ते चारही करारनामे प्रत्येकाच्या केसमध्ये दाखल करतोय.