गिटचा डिफ: मूळ सेटिंग बदलावे का?

अंधेरीतील आमच्या कार्यालयात दिवसभर एकमेकांचा कोड तपासावा लागतो, त्यामुळे गिट या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीचा डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधील फरक, नीट वाचता येणे ही आमच्यासाठी महत्त्वाची बाब आहे. गिट मुळात मायर्स पद्धत वापरतो; युजीन मायर्स यांनी 1986 मध्ये मांडलेल्या या पद्धतीचा कल कमीत कमी ओळींत फरक दाखवण्याकडे असतो, परंतु असा फरक वाचायला सोपा असतोच असे नाही.

अलीकडे एका सहकाऱ्याने भाडे काढणाऱ्या फंक्शनच्या वर सवलतीचे नवे फंक्शन लिहिले आणि जुन्याचीही थोडी फेररचना केली, तेव्हा मायर्सने महिरपी कंस आणि रिकाम्या ओळी यांच्याच जोड्या लावल्या व दोन्ही फंक्शने एकमेकांत गुंतलेली दिसली. हिस्टोग्राम ही गिटमधील दुसरी पद्धत निवडताच नवे फंक्शन सलग हिरवे, म्हणजे नव्याने आलेले, दिसले, कारण ही पद्धत फाइलमध्ये क्वचित येणाऱ्या ओळींना आधार मानते. ब्रॅम कोहेन यांच्या पेशन्स पद्धतीचाच हा विस्तार आहे. शक्य तितका लहान फरक शोधणारा मिनिमल हा पर्याय वेळ अधिक घेतो. रोजच्या कामासाठी मी तो सुचवणार नाही.

डिफच्या अल्गोरिदमचे ग्लोबल सेटिंग हिस्टोग्रामच ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. 2021 मधील 2.34 आवृत्तीपासून गिटची मूळ मर्ज पद्धत (वेगवेगळे बदल एकत्र करण्याची पद्धत), म्हणजे ऑर्ट, हिस्टोग्रामवरच चालते. मग डिफसाठी अजूनही मायर्स का, हे मला पटत नाही. एखाद्या प्रकारच्या फाइलींना वेगळी पद्धत हवी असल्यास 2.40 पासून गिटॲट्रिब्यूट्स या फाइलींच्या प्रकारानुसार नियम लिहिण्याच्या फाइलच्या मदतीने तीही सोय होते.