पळायची बाबागाडी: सड्यावर, उतारावर आणि पुळणीवर

पाखाडीच्या वाटेवर घर असेल तर ही गाडी घेऊ नका. गाडी 10 ते 14 किलोची, वर 11-12 किलोचं मूल. चिऱ्याच्या पंचवीस-तीस पायऱ्या उतरून रस्त्याला लागेपर्यंत पळायला काढलेला निम्मा वेळ जातो आणि कंबर भरून येते ती वेगळीच. अंगणातून थेट डांबरी रस्त्यावर निघता येत असेल, तर मात्र लहान मूल घरात असताना ट्रायथलॉनची (पोहणं, सायकल आणि पळणं अशा सलग शर्यतीची) तयारी करणाऱ्यांसाठी इतकी कामाची वस्तू दुसरी नाही. पोहायला मूल नेता येत नाही आणि सायकलवर बसवून वेगात जाणं धोक्याचं. तिन्हींत पळणं तेवढं त्याला सोबत घेऊन होतं. आठवड्यातले दोन सराव असे झाले की आजी-आजोबांकडे मागायची मदत पोहण्यासाठी आणि लांबच्या सायकलसाठी राखून ठेवता येते.

आता गाडी कोणती? ‘जॉगर’ अशी चिठ्ठी लावून विकल्या जाणाऱ्या कित्येक तीनचाकी गाड्यांना कडक प्लास्टिकची छोटी चाकं असतात. त्या चालण्यापुरत्या. पळायच्या गाडीची मागची चाकं 16 इंची, हवेची हवीत, पुढचं निदान 12 इंची. मागे स्प्रिंगचा झोला, मुलाला पाच ठिकाणी धरणारा पट्टा, ढकलणाऱ्याच्या मनगटाला अडकवायचा पट्टा आणि पुढचं चाक सरळ रेषेत पक्कं करणारी कळ. यातलं एक जरी नसलं तरी ती गाडी घेऊन पळू नये. किंमत एका बऱ्या सायकलीएवढी जाते, म्हणून वापरलेली मिळत असेल तर जरूर बघा. फक्त पट्ट्याची बकलं आणि सांगाड्याचे जोड नीट तपासून घ्या.

वयाची अट मोडू नका. बहुतेक कंपन्या पळण्यासाठी 6 महिने पूर्ण झालेले असावेत असं सांगतात, काही 8 महिने. मान धरली म्हणजे झालं असं नाही. मूल आधाराशिवाय ताठ बसू लागलं की मगच पळा, आणि तेही डॉक्टरांना विचारून. तोवर चालणं पुष्कळ.

पहिल्याच दिवशी एक चाचणी करा. सपाट जागी पुढचं चाक पक्कं करून रिकामी गाडी हलकेच पुढे सोडा आणि मागोमाग जा. पाच-सहा मीटरांत ती एका बाजूला ओढली, तर पुढच्या चाकाजवळचा सरळपणा जुळवायचा स्क्रू पाव फेरा फिरवा आणि पुन्हा सोडून बघा. हे केलं नाही तर दर चार पावलांनी गाडी वळवावी लागते आणि 5 किलोमीटरांत एकच खांदा दुखायला लागतो. पुढचं चाक मोकळं ठेवून पळणं तर नकोच. खड्ड्यात ते आडवं फिरतं आणि गाडी उलटते. वळताना हॅण्डल किंचित खाली दाबून पुढचं चाक उचलायचं. दोन दिवसांत हात बसतो.

रस्त्यांमध्ये सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या माळावरचा, डांबरी रस्ता सगळ्यांत चांगला. सपाट, मोकळा, गाडी दिसते लांबून. पण कातळ तापतो आणि सावली औषधालाही नसते, म्हणून आठ-साडेआठच्या आत घरी. ऊन लागतं म्हणून छतावर ओढणी किंवा पंचा टाकू नका. आत वारा थांबतो आणि आपण घामाघूम असताना आत काय चाललंय ते कळतही नाही. जाळीचा पडदाच वापरा. महामार्गावर गाडी नेऊच नका.

उतार हा कोकणातला खरा प्रश्न. सड्यावरून बंदराकडे जाणारा रस्ता म्हणजे 25 किलो पुढे ओढत असतात आणि आपण मागे लटकतो. हॅण्डलवर हातब्रेक असलेली गाडी इथे अटळ आहे. पायाचा ब्रेक फक्त उभं करण्यासाठी असतो. हातब्रेक असला तरी उतार चालतच उतरा. हॅण्डलला पाण्याची पिशवी टांगू नका, चढावर गाडी मागे कलंडते. सामान सीटखालच्या जाळीत.

पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, पळायचं तर सुकती (पूर्ण ओहोटी) गाठायला हवी, आणि त्यासाठी कालनिर्णय पुरतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा दर्यावर्दींचा जुना हिशेब. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळ गेलीच. पौर्णिमा-अमावास्येला ती सव्वाअकराच्या पुढेमागे, म्हणून सुकती पहाटे पाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. शिवाय उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप मागे हटतं. त्या दिवशी गुहागर किंवा दापोलीजवळच्या मुरूडची ओली, घट्ट पुळण गाडीला छान चालते. टाच जेमतेम उमटते तिथून पळा. पाऊल रुतलं की चाकही रुततं. पुळण समुद्राकडे उतरती असते, तेव्हा जाताना जो पाय खाली राहतो तो येताना वर राहील असं त्याच पट्ट्यातून परत या.

गाडीचं वाटोळं मात्र इथेच होतं. लाटेचं पाणी हबपर्यंत गेलं की बेअरिंगमध्ये मीठ आणि वाळू बसते, आणि महिनाभरात चाक फिरवलं की खरखर ऐकू येते. प्रत्येक वेळी घरी आल्यावर मागची चाकं काढा, बादलीभर गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा, आस पुसून सावलीत वाळवा. जोराचा पाइप मारू नका, वाळू उलट आत जाते. महिन्यातून एकदा आसावर ग्रीस, ब्रेकच्या तारेला तेल. शिंपल्याने पंक्चर झालं तर घाबरायचं कारण नाही. 16 इंची ट्यूब मुलांच्या सायकलीचीच असते, रुंदी जुळवून घेतली की झालं. व्हॉल्व्ह बहुधा मोटारीसारखा असतो, पण पेट्रोल पंपावर हवा भरू नका. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमी असतो आणि तिथला दाब क्षणात ट्यूब फाडतो. हातपंप बरा.

सरावाच्या हिशेबात या पळण्याला हलकं पळणंच धरा. घड्याळातला वेग बघू नका, हृदयाचे ठोके बघा, नाहीतर नेहमीचा वेग गाठायच्या नादात रोजच जोराचा सराव होतो. दोन्ही हातांनी ढकललं की पाऊल आखूड पडतं. म्हणून एक हात हॅण्डलवर, दुसरा मोकळा, आणि दर दोन-तीन मिनिटांनी हात बदला. वेगाचे तुकडे आणि सायकलनंतर लगेचचं पळणं गाडीशिवायच करा. ऑलिम्पिक अंतराच्या ट्रायथलॉनमधले 10 किलोमीटर असोत की 70.3 चे (एकूण 70.3 मैलांच्या अर्ध-आयर्नमॅन शर्यतीचे) 21.1, शर्यतीच्या वेगाचं पाऊल गाडीमागे घडत नाही. पळताना मुलाला शेंगदाणे, खाऊचे तुकडे देऊ नका. ठसका लागला तर मागून दिसत नाही. खायचं ते थांबून.

गोव्याची 70.3 शर्यत 2019 पासून ऑक्टोबर-नोव्हेंबरात होत आली आहे, म्हणजे तयारीचे महिने नेमके पावसाचे. पावसाचं प्लास्टिक कव्हर घालून पळता येतं, पण आत दमट होतं, म्हणून वीस मिनिटांच्या वर नको आणि कडेच्या झडपा उघड्याच ठेवा. मुसळधार असेल त्या दिवशी गाडी पडवीत पागोळ्यांपासून लांब, न दुमडता उभी करा आणि सीटचं कापड काढून पंख्याखाली टाका. बुरशीचे काळे ठिपके पहिले दिसतात ते पट्ट्याच्या शिवणीत, बकलाच्या मागच्या बाजूला. आठवड्यातून एकदा तिथे बोट फिरवून बघा.