लागोस की किगाली? आधी कोटेशनची मुदत बघा

आफ्रिकेत जाऊ पाहणारे आपले लोक, नोकरीसाठी असोत की धंद्यासाठी, हल्ली नायजेरिया आणि रवांडा ही दोन नावं एका दमात घेतात. खरं तर दोघांत साम्य फार थोडं. एकीकडे बावीस कोटींच्या पुढची लोकसंख्या, तेल, लागोससारखं अफाट शहर. दुसरीकडे दीड कोटीहून कमी माणसं, समुद्र नाही, तेल नाही, जिकडे बघावं तिकडे टेकड्या. तरी हे दोन पर्याय एकत्र पुढे येतात, कारण दोन्हीकडे इंग्रजीवर भागतं, भारतीय मालाला मागणी आहे आणि ओळखीचं कोणीतरी आधीच तिथे असतं. मी पाण्याचे पंप आणि त्यांचे सुटे भाग विकतो. आधी लागोसमध्ये विकायचो, आता रवांडाच्या राजधानीत, किगालीत विकतो. माझा कल कुठे आहे हे त्यावरून कळेलच, पण लागोसचं मीठ खाल्लं आहे, तेव्हा तिथलं चांगलं आधी सांगतो.

पंपवाल्यासाठी लागोस म्हणजे न संपणारं गिऱ्हाईक. सरकारी नळाचं पाणी फार थोड्या घरांत येतं, म्हणून ज्याला परवडतं तो अंगणात बोअर मारतो. बोअर आला की सबमर्सिबल आला, टाकी आली, स्टार्टर आला. वीज कमी-जास्त होत राहते, त्यामुळे मोटारी जळतात आणि वाइंडिंगची तार, कॅपॅसिटर, सील यांना वर्षभर उठाव. एकट्या लागोस शहरात अख्ख्या रवांडापेक्षा जास्त लोक राहत असावेत. आणि तिथला व्यापारी! विशेषतः इग्बो समाजातले दुकानदार. त्यांच्यात पोरगा काही वर्षं मालकाच्या हाताखाली राबतो आणि शेवटी मालक त्याला दुकान थाटायला भांडवल देतो. अशा तयारीतून आलेला माणूस मालाला हात लावून इम्पेलरची, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्याची, प्रत सांगतो, घासाघीस मनापासून करतो आणि शब्द दिला की पाळतो. उधारीच्या बाबतीत मला लागोसमध्ये जितका चांगला अनुभव आला तितका दुसरीकडे क्वचितच आला असेल.

विकासाचं म्हणाल तर आकडे थोडे चकवतात. दहा-बारा वर्षांपूर्वी नायजेरियाचं दरडोई उत्पन्न डॉलरमध्ये ३,००० च्या घरात होतं, रवांडाचं साधारण ७००. आज दोन्ही हजाराच्या आसपास आहेत. रवांडा सात-आठ टक्क्यांनी वाढत वर आला आणि नायजेरियाचा आकडा नायरा हे तिथलं चलन कोसळल्यामुळे खाली आला. पण लागोसच्या लेक्कीत नवं खोल पाण्याचं बंदर उभं राहिलं आहे, २०२४ पासून दिवसाला साडेसहा लाख पिंपं तेल शुद्ध करू शकणारा उद्योगपती डांगोटेंचा कारखाना सुरू आहे. असलं काही रवांडात होणार नाही, त्यांच्याकडे तेवढं आकारमानच नाही. उलट सर्वसाधारण माणसाच्या वाट्याला काय येतं हे पाहिलं तर चित्र फिरतं. रवांडातलं सरासरी आयुर्मान नायजेरियापेक्षा दहा वर्षांहून जास्त आहे. बहुतेक लोकांकडे सामुदायिक आरोग्य विमा आहे. २०१६ पासून ड्रोनने खेड्यातल्या दवाखान्यांना रक्त पोचवलं जातं. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २००८ पासून बंदी आहे आणि ती खरोखर पाळली जाते.

विजेचंही तसंच. नायजेरियात ग्रिडमधून साधारण चार-पाच हजार मेगावॉट मिळतात, तेही बावीस कोटींना. ग्रिड अधूनमधून पूर्ण कोसळतं. एप्रिल २०२४ मध्ये ज्यांना दिवसाला वीस तास वीज देऊ म्हटलं त्यांचा दर जवळपास तिप्पट केला. बाकीचे जनरेटरवर. दुकान चालवायचं तर डिझेलचा हिशेब भाड्यासोबतच मांडावा लागतो. किगालीत वीज जाते, नाही असं नाही, पण मी तिथे जनरेटरच्या आवाजात फोनवर ओरडून बोललेलो नाही. तरीही विजेच्या त्रासाने मी लागोस सोडलं नसतं. त्या त्रासावर तर माझा धंदा चालत होता.

मला हलायला लावलं ते डॉलरने.

ज्यांनी आयातीचा धंदा केलेला नाही त्यांना हे क्षुल्लक वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी माल विकायचो नायरात आणि भारतातल्या कारखान्याला पैसे द्यायचे डॉलरमध्ये. त्यासाठी बँकेत ‘फॉर्म एम’ हा आयातीचा अर्ज भरायचा, कागद पुरे करायचे आणि मग डॉलरसाठी रांगेत थांबायचं. नायरा खात्यात पडून आहेत, माल विकून झाला आहे, नफा वहीत दिसतो आहे, आणि बँकेतला माणूस फार सभ्यपणे सांगतो की या आठवड्यात वाटप झालं नाही. पुढच्या आठवड्यात मागितलेल्यातला थोडा भाग मिळतो. इकडे कारखानदाराचा रोज फोन. त्याचं काही चुकत नव्हतं, त्याचाही माल अडकलेला. आणि बँकेतल्या त्या माणसाचंही काही चुकत नव्हतं, त्याच्या हातात डॉलर होतेच कुठे?

मोठ्यांचीही हीच गत होती. विमान कंपन्यांचे तिकीटविक्रीचे कोट्यवधी डॉलर देशात अडकून पडले होते. एमिरेट्सने २०२२ मध्ये उड्डाणं थांबवली, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये परत सुरू झाली. २०२३ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन आणि प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या कंपन्यांनी तिथला कारभार आवरता घेत असल्याचं जाहीर केलं.

अधिकृत दर एक, बाजारातला दुसरा. २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत बँकेचा दर डॉलरला ४६० नायरांच्या आसपास आणि रस्त्यावर डॉलर सातशेच्या पुढे. कोणत्या दराने पंपाची किंमत काढायची? अधिकृत दराने काढली आणि डॉलर बाहेरून घ्यावे लागले तर घरातले घालायचे. बाहेरच्या दराने काढली तर शेजारचा दुकानदार स्वस्तात विकून गिऱ्हाईक नेतो. मग जूनमध्ये नव्या सरकारने नायरा मोकळा सोडला, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवला. निर्णय अर्थशास्त्राच्या दृष्टीने बरोबर होता, आज ना उद्या घ्यावाच लागणार होता, असं मला मनापासून वाटतं. पण काही दिवसांत दर साडेसातशेच्या घरात गेला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत १,५०० च्या पुढे. याच काळात पेट्रोलवरचं अनुदान काढलं होतं, महागाई तीस टक्क्यांच्या वर होती, बँकेचं कर्जही त्याच चढत्या दराने. भांडवल मोठं असेल तर हे पचतं. माझ्यासारख्याचा एक कंटेनर विकून झाला की त्या पैशात पुढचा अर्धाही येत नव्हता.

स्थैर्य मोजायला माझ्याकडे एकच माप आहे, कोटेशनच्या तळाशी लिहिलेली मुदत. पूर्वी मी लागोसमध्ये दर १५ दिवसांसाठी द्यायचो. मग सात दिवस लिहू लागलो. शेवटी शेवटी ‘आजपुरता’ असं लिहावं लागे आणि दुपारी गिऱ्हाईक परत आलं तर आकडा पुन्हा काढावा लागे. गिऱ्हाईक चिडत नसे, त्यालाही सगळं ठाऊक होतं. पण बोअरवाल्या कंत्राटदाराला घरमालकाशी महिन्याभराचा करार करायचा असतो. मी आजपुरता दर दिला तर त्याने पुढे काय द्यायचं? किगालीत मी ३० दिवसांची मुदत लिहितो आणि ती निभावतो.

रवांडाचा फ्रँक काही खडकासारखा नाही. दहा वर्षांत डॉलर साधारण ७२० वरून १,४०० च्या पुढे गेला, म्हणजे त्याची किंमत जवळपास निम्मी झाली. पण त्याच दहा वर्षांत नायरा २०० वरून १,५०० च्या आसपास पोचला. आणि फ्रँक उतरतो तो जिना उतरल्यासारखा, पायरी पायरीने. पुढची पायरी किती खोल असेल याचा अंदाज किमतीत धरता येतो. बँकेत डॉलर मागितले की दर थोडा चढा लागतो, पण मिळतात. हे वाक्य लिहिताना लागोसमधल्या माझ्या जुन्या मित्रांना त्याचं मोल किती वाटेल हे मला ठाऊक आहे.

आता किगालीच्या अडचणी. पहिली बाजारपेठेची. एखादा विशिष्ट अश्वशक्तीचा पंप कंटेनरभर आणला तर तो संपायला किती काळ लागेल हे छातीठोकपणे सांगता येत नाही. माझा उठाव पूर्वेकडच्या न्यागातारे, किरेहे अशा कोरड्या भागांतल्या सिंचनावर आहे आणि तिथे सरकारी योजना काय म्हणते यावर बरंच अवलंबून. दुसरी वाहतुकीची. माल टांझानियातल्या दार-एस-सलाम बंदरात उतरतो आणि तिथून सुमारे १,५०० किलोमीटर ट्रकने रुसुमोच्या सीमेवरून येतो. केनियातल्या मोम्बासा बंदराचा रस्ता युगांडातून आहे, आणि युगांडाशी बिनसल्यावर गातुनाची सीमा २०१९ पासून २०२२ च्या जानेवारीपर्यंत जवळपास बंदच होती. तिसरी करांची. व्हॅट १८ टक्के, नायजेरियात साडेसात. प्रत्येक बिल इलेक्ट्रॉनिक यंत्रातून निघालं पाहिजे. चुकीला माफी नाही. नोंदणी मात्र ऑनलाइन आणि झटपट होते, आणि कोणाच्या हातावर काही ठेवावं लागत नाही.

राजकारणाबद्दल परक्याने जपून लिहावं, पण पैसे गुंतवणाऱ्याने विचार केल्याशिवाय राहू नये. १९९४ मध्ये रवांडातल्या वंशसंहारात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, त्या देशात आज रात्री दहा वाजता बाई एकटी चालत घरी जाते. हे ज्यांनी घडवलं त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरीही पॉल कागामे २००० पासून राष्ट्राध्यक्ष आहेत, २०१५ च्या घटनादुरुस्तीनुसार ते २०३४ पर्यंत राहू शकतात आणि २०२४ मध्ये त्यांना ९९ टक्के मतं पडली. त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न किगालीत मोठ्याने कोणी विचारत नाही. शेजारच्या काँगोत २०२५ च्या सुरुवातीला एम२३ या बंडखोरांनी गोमा आणि नंतर बुकावू ही शहरं घेतली. संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ रवांडाकडे बोट दाखवतात, रवांडा नाकारतो. त्यानंतर काही पाश्चात्त्य देशांनी मदत रोखली, आणि परदेशी मदतीवर टेकलेल्या अर्थव्यवस्थेत अशा बातम्यांकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

नायजेरियात गोंगाट असतो. ईशान्येत बोको हराम, वायव्येत अपहरण करणाऱ्या टोळ्या, मध्य भागात शेतकरी आणि गुराखी यांच्यातला रक्तपात. लागोस यापासून दूर आहे, पण ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसांविरुद्धचं आंदोलन चिघळलं तेव्हा लागोसही पेटलं होतं. तरी १९९९ पासून तिथे निवडून आलेलं सरकार आहे, २०१५ मध्ये गुडलक जोनाथन हरले आणि शांतपणे पायउतार झाले, वर्तमानपत्रं सरकारला रोज फैलावर घेतात. पन्नास वर्षांनी कोणता देश जास्त भक्कम असेल असं विचारलंत तर मी छातीवर हात ठेवून रवांडा म्हणणार नाही. पण माझ्या धंद्याची उधारी ९० दिवसांची आहे, आणि ९० दिवसांचा विचार केला तर उत्तर देणं मला जड जात नाही.

तुमचं वेगळं असू शकतं. पगार डॉलरमध्ये भारतातल्या खात्यात जमा होणार असेल आणि कंपनी घर, गाडी, जनरेटर देत असेल, तर लागोस घ्या. माणसं दिलदार आहेत, काम शिकायला मिळतं, आपली मंडळी भरपूर आहेत. तिथेच कारखाना टाकून तिथल्याच कच्च्या मालावर काही बनवणार असाल तरीही लागोसच, एवढं गिऱ्हाईक रवांडात जन्मात मिळणार नाही. पण पगार नायरात सांगत असतील तर तो आकडा पुन्हा पुन्हा तपासा. आणि स्वतःचं मर्यादित भांडवल घालून आयातीचा धंदा करणार असाल तर माझ्या मते किगालीत छोटी सुरुवात बरी. मुलं लहान असतील तर विचारही करू नका, किगालीच.

नायजेरियाचं दार मी बंद केलेलं नाही. २०२५ मध्ये नायरा १,५०० च्या आसपास बऱ्यापैकी टिकून राहिला, परकीय गंगाजळी वाढली, दोन दरांमधली दरी बुजत आली. लागोसमधला माझा जुना भागीदार आता पुन्हा सात दिवसांची कोटेशनं देतो. त्याची मुदत १५ दिवसांवर गेली आणि बँकेने ठरल्या तारखेला डॉलर दिले, तर लागोसमध्ये मी पुन्हा एक लहान गोदाम घेईन. मोटारी तिथे आजही जळतातच आहेत.