बामणोलीचं हॉटेल की नवज्याचं घर?

थंडी पडली की ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते. जंगल बघायचंय, थोडं पाण्यातलं, थोडं चढणीचं हवंय, दोन रात्री मुक्काम करायचाय, मग बामणोलीकडे जाऊ की कोयनानगरच्या अंगाला, नवज्याकडे? मी दोन्हीकडे घरच्यांना घेऊन राहून आलोय. ठिकाणांची नावं मुद्दाम देत नाही. दोन्ही भागांत तशी ठिकाणं आता बरीच झाली आहेत आणि निवडायचा असतो तो मुक्कामाचा प्रकार.

जंगल म्हणाल तर दोन्हीकडे एकच. कोयना अभयारण्य १९८५ सालचं, पुढे २०१० मध्ये ते आणि चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्यामुळे अमुक बाजूला जास्त प्राणी, तमुक बाजूला कमी, असं कोणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. हे ताडोबा नव्हे. उभे डोंगर, गच्च झाडी, वाघ दिसेल या आशेवर इथे यायचंच नाही. गवा, भेकर, शेकरू, धनेश, नशिबात असेल तर अस्वलाचे ताजे ओरखडे. आणि यातलं बहुतेक सगळं उजाडायच्या सुमारास किंवा तिन्हीसांजेला. मुक्कामाची जागा निवडताना माझ्या मते हेच आधी बघायला हवं, की पहाटे तुम्हाला तिथून बाहेर पडता येतं का.

आधी हॉटेल. कास मागे टाकून बामणोलीकडे उतरताना डोंगराच्या सोंडेवर ते आहे, खाली शिवसागराचा, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचा, फाटा. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून तासा-सव्वा तासात पोचतो. खोल्या स्वच्छ, गरम पाणी केव्हाही, गादी उत्तम. कयाक, झिपलाइन, दोरावरून चालणं, तिरंदाजी, सगळं एका आवारात. सांगलीहून मेव्हणा आपली दोन मुलं घेऊन आला होता. मुलांनी कयाक सोडली नाही. तिथला मुलगा प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचं बक्कल स्वतः ओढून बघत होता, बारक्याचं तर खालचा पट्टा मांडीखालून घेऊन पुन्हा आवळलं, तेव्हा कुठे त्याने वल्हं हातात दिलं. हे मला मनापासून आवडलं. पाण्याचे खेळ हीच तुमची मुख्य ओढ असेल तर या बाजूला तोड नाही. फक्त मे महिन्यात जाऊ नका. धरण खाली गेलं की पाणी लांब सरकतं, मधे लाल चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि कयाक त्यातून ओढत न्यावी लागते.

आता माझं जिथे बिनसलं ते. आम्ही गेलो होतो जानेवारीत, वासोटा किल्ला करायचा ठरवूनच. वासोट्याचं गणित माहीत असेलच: बामणोलीत वनखात्याची परवानगी, मग तासाभराहून जास्त लाँच, मेट इंदवलीला प्लास्टिकची तपासणी, पुढे दोन-अडीच तासांची चढण, आणि संध्याकाळच्या आत जंगलातून बाहेर. गडावर मुक्कामाला परवानगी नाही. म्हणजे सकाळचा गेलेला प्रत्येक तास थेट गडावरच्या वेळेतून वजा होतो.

आदल्या रात्री काउंटरवर सांगितलं, साडेसहाला निघायचंय, सहाला चहा आणि डब्यात पोहे द्या. उत्तर आलं, "सर, किचन साडेसातला उघडतं, ब्रेकफास्ट साडेआठला." निदान थर्मासमध्ये चहा भरून ठेवा म्हटलं, तर खोलीत किटली आहे म्हणाले. पहाटे उठलो तेव्हा वीज नव्हती. जनरेटर होता, पण तो सुरू करणारा माणूस सात वाजता आला. किटली तशीच. लहान मुलं उपाशीपोटी डोंगर चढणार नाहीत, म्हणून थांबलो. डबा हातात पडायला पावणेनऊ झाले. बामणोलीत परवानगीच्या खिडकीवर पोचलो तेव्हा आमच्या पुढे तीन गट. चढायला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर, रानात चिडीचूप. शेकरूची घरटी तेवढी दिसली, शेकरू नाही. जिथे मारुतीची मूर्ती आणि ओढा लागतो तिथून जरा वर गेलो असू, सोबतच्या वाटाड्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, गडावर पोचाल, पण बाबूकडा बघायला वेळ उरणार नाही. मुलांचे पाय बोलायला लागले होते. परत फिरलो. बाबूकड्यासाठी मेव्हणा गेली चार वर्षं माझ्या मागे लागला होता. लाँचमध्ये तो इतकंच म्हणाला, "दाजी, पुढच्या वेळी लवकर निघू."

हॉटेलवाल्यांच्या बाजूनेही सांगायला हवं. त्यांच्याकडे येणारी बहुतेक मंडळी नऊला उठणारी असतात, त्यांचं वेळापत्रक त्यांना बरोबर बसतं. सगळ्या हॉटेलांत असंच असेल असंही मी म्हणत नाही. पण जंगलाचे फोटो लावून जिथे बोलावतात, तिथे जंगल जागं असतानाच्या दोन तासांत सगळं हॉटेल झोपलेलं असावं, हे मला अजून पटत नाही.

आता नवज्याकडचं घर. साताऱ्याहून उंब्रज, मल्हारपेठ, पाटण करत कोयनानगर आणि तिथून आत. सांगलीकरांनी कराडवरून यावं. हॉटेलपेक्षा तास-दीड तास जास्त धरा. शेतकऱ्याचं घर, मागच्या अंगाला नव्या बांधलेल्या दोन खोल्या. गादी पातळ, न्हाणीघर खोलीला जोडून नाही, पाणी बंबाचं. मोबाइलला रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात. खेळाच्या नावाने काहीच नाही, चालणं आणि चढणं सोडून. पावसाळ्यात जायचं असेल तर नवजा म्हणजे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पावसाचा मुलूख, ओझर्डेचा धबधबा तेव्हाच बघावा, पण जळवा पायमोज्यातूनही आत येतात. मिठाची पुरचुंडी जवळ ठेवा.

आम्ही गेलो मार्चच्या अखेरीला. जेवताना मावशींना भीत भीतच विचारलं, पहाटे चहा मिळेल का? त्या भाकरी थापत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "कवा निघायचंय? साडेपाचला? मग पाचला ठेवते की."

पाचला खरंच चुलीवर जर्मनच्या पातेल्यात चहा उकळत होता. आलं ठेचल्याचा आवाज खोलीपर्यंत आला, त्यानेच जाग आली. सोबत रात्रीची नाचणीची भाकरी निखाऱ्यावर कडक केलेली, वर तुपाचा बोटभर गोळा. साडेपाचला त्यांचे मालक बॅटरी घेऊन दारात उभे. अंधारातच निघालो. ओढ्याच्या पलीकडे भेकर भुंकलं, तसे ते थांबले आणि आम्हालाही हाताने थांबवलं. दहा मिनिटं कोणी हललं नाही. मग झाडीतून गव्याची मादी निघाली, मागे तांबूस रंगाचं वासरू, आणि दोघं पायवाट ओलांडून खाली उतरून गेली.

त्याहूनही धनेशाची जागा सांगायला हवी. मलबारी धनेशाची मादी विणीच्या दिवसांत झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि नर तिला बाहेरून भरवतो. त्या ढोलीपासून मालकांनी आम्हाला बरंच लांब, करवंदीच्या जाळीआड बसवलं. जवळ गेलं की नर यायचा टाळतो आणि आत मादी उपाशी राहते, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. सव्वासहाच्या सुमाराला पंखांचा फसफस आवाज आला. नर फांदीवर बसला, गळ्यातून एकेक उंबर वर काढून चोचीच्या टोकाला आणायचा आणि फटीत द्यायचा. मी अकरा मोजले. आतून फक्त चोचीचं टोक दिसत होतं. पाऊण तास थांबलो, तो पुन्हा आला नाही. साडेआठला, हॉटेलात पोह्यांवरचं झाकण निघायच्या वेळी, आम्ही बघणं आटोपून अंगणात परत आलो होतो.

खर्चाचा फरक मोठा आहे, घराकडच्या तीन रात्री हॉटेलच्या एका रात्रीत बसतात. पण मी पैशावरून ठरवलेलं नाही. आईला बरोबर नेलं असतं तर मी स्वतः हॉटेलच घेतलं असतं, कारण तिचे गुडघे दुखतात आणि रात्री न्हाणीघरापर्यंत अंधारात जाणं तिला झेपलं नसतं. तान्हं मूल असेल, कोणाचं औषधपाणी चालू असेल, किंवा तिघा-चौघांत एकालाच जंगलाची आवड असेल तरी हॉटेल बरं. जो झोपेल तो झोपेल, जो पोहेल तो पोहेल, कोणाची कुरकूर नाही. माझं मोजमाप एकेका मुक्कामाचं आहे, तेवढंच त्याला वजन द्या.

पण दोन धडधाकट माणसं, शाळकरी मुलं आणि दुर्बीण असा लवाजमा असेल, तर मी घराकडे जा म्हणेन. कुठेही बुक करताना स्विमिंग पूल, वायफाय हे नंतर विचारा. आधी फोनवर विचारा की पहाटे पाचला चुलीला किंवा गॅसला माणूस असतो का, आणि अंधारात बरोबर कोण येतं. "बघू", "करू काहीतरी" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा.

कयाकचं मात्र मुलांच्या डोक्यातून गेलेलं नाही. त्यावर आम्ही असं ठरवलंय की मेव्हण्याने पोरांना घेऊन आदल्या रात्री साताऱ्यात आमच्याकडेच उतरायचं. पहाटे घरून डबा घेऊन बामणोली गाठायची, पहिल्या लाँचने वासोटा करायचा, दुसऱ्या दिवशी मुलांना पोटभर कयाक, आणि तिसऱ्या दिवशी उंब्रजमार्गे नवज्याला. मावशींना दोन्ही खोल्या सांगून ठेवल्या आहेत.